सावध आम्हीच राहायचं, मग आमची झेरॉक्स भज्यांच्या गाडीवर कशी आली?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी आज रात्रीच करण्यासारख्या काही गोष्टी लिहिल्यात.

गेल्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, बसस्थानकामागच्या गाडीवर कांदाभजी घेतली. पाऊस होता, गर्दी होती. भजी संपली आणि सवयीनं कागद उलटा करून बघितला. पत्रकाराची खोड, छापलेलं काही दिसलं की वाचायचंच. कागदावर एका बाजूला आधार कार्ड, त्याखाली पॅन कार्ड, खाली सही, वरच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेला मोबाईल नंबर. तेलाचा डाग बरोबर पत्त्यावर पडला होता, बाकी सगळं स्वच्छ वाचता येत होतं. फोटोतला चेहरा ओळखीचा वाटला. आपल्याच गावातल्या, बचत गटात असणाऱ्या एक मावशी.

गाडीवाल्याला विचारलं, "हा कागद कुठून आणला?" तो म्हणाला, "रद्दीवाल्याकडून, भाऊ. किलोवर मिळतोय. हा कागद चांगला असतोय, जाड." त्याच्या गठ्ठ्यात अजून तीसेक कागद तसलेच होते. पन्नास रुपये देऊन सगळा गठ्ठा घरी आणला. त्यात एका पतसंस्थेचे जुने कर्ज अर्ज होते. सगळ्यांवर फोटो, सह्या, जन्मतारखा, खाते क्रमांक.

त्या मावशींना फोन केला. त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, कुणाला सांगू नका. घरी मलाच ओरडतील, की कुठं कुठं कागद वाटत फिरते म्हणून."

हे वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही. कागद मागितला पतसंस्थेनं. नीट ठेवला नाही पतसंस्थेनं. रद्दीत विकला पतसंस्थेनं. आणि ओरडा खाणार मावशी. आपल्याकडं सायबर सुरक्षेच्या नावाखाली जे काही चाललंय, ते सगळं या एका वाक्यात आलं.

आता माझं स्वतःचं ऐका. मी हे पहिल्यांदाच जाहीर सांगतोय, कारण मलाही लाजच वाटत होती. वरच्या खोलीच्या बांधकामासाठी बँकेत गेलो होतो. मॅनेजर भला माणूस. कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला, "साहेब, तुमचं एक कर्ज थकलेलं दिसतंय." मी हसलो. तो हसला नाही. एका मोबाईल अ‍ॅपवाल्या कंपनीकडून माझ्या नावावर ३८ हजारांचं कर्ज उचललेलं, सात हप्ते थकलेले. त्या कंपनीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं, "आमच्याकडे तुमचं पूर्ण केवायसी आहे." म्हणजे माझं आधार, माझं पॅन, माझा फोटो. फक्त मोबाईल नंबर माझा नाही आणि पैसे गेलेलं बँक खातंही माझं नाही. कुणीतरी माझ्या नावाचा माणूस कागदावर उभा केला, त्याला सिमकार्ड दिलं, खातं दिलं आणि कर्ज काढून तो माणूस गायब झाला. मागं राहिलो मी, हप्ते बुडवणारा.

पोलीस ठाण्यात गेलो. माझे तिथे रोजचे संबंध, सगळे ओळखतात, चहा आला. पण पहिला प्रश्न तोच, "ओटीपी दिला का कुणाला?" नाही. "मग लिंकवर क्लिक केलं असेल." नाही. "कुठलं तरी अ‍ॅप डाऊनलोड केलं असेल, आठवून बघा." पाऊण तासात माझ्या आठ चुका शोधण्याचा प्रयत्न झाला. तुमच्या कागदाच्या झेरॉक्स कुठं कुठं दिल्यात, हे मात्र एकदाही विचारलं नाही. ते नाव माझ्या डोक्यावरून काढायला मला पाच महिने लागले. मी पत्रकार आहे, चार लोकांना फोन करू शकतो, इंग्रजीत मेल लिहू शकतो, तरी पाच महिने. त्या मावशींना किती लागतील?

मग मी एक उद्योग केला. गेल्या दोन वर्षांत माझी आधार-पॅनची झेरॉक्स कुठं कुठं दिली, याची वहीत यादी केली. मुलीची शाळा. तिचा क्लास. नळजोडणी. गॅस एजन्सी. बँकेत केवायसी दोनदा. पतसंस्था. सिमकार्ड बदलताना मोबाईलचं दुकान. लातूर, पुणे आणि नाशिकच्या लॉजवर. वडिलांच्या शेताचा पीकविमा. सेतू केंद्रात चार वेळा. दवाखान्यात विम्यासाठी. फायनान्सवर फ्रीज घेतला त्या शोरूमला. एका साहित्य संमेलनाच्या निवास व्यवस्थेलाही दिली! आकडा झाला २७. एवढ्या ठिकाणी तर मी लग्नाची पत्रिकाही वाटली नव्हती.

आणि मी त्यातल्या जमेल तेवढ्या ठिकाणी जाऊन विचारलं, "माझी झेरॉक्स कुठंय?"

शाळेत सांगितलं, जिन्याखाली गोण्या आहेत त्यात असेल. गोणीला कुलूप सोडा, दोरीसुद्धा नव्हती. लॉजवाल्यानं काउंटरवरचं फाईलचं जाडजूड बाड माझ्याच हातात दिलं, "बघा साहेब, तुमची काढून घ्या." मी बघितलं. दीडशे माणसांची आधार कार्डं मी पाच मिनिटांत चाळली, कुणी विचारलंही नाही तू कोण. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "आता सगळं ऑनलाईन आहे, झेरॉक्स लागतच नाही." मग माझ्याकडून का घेतली? "तेव्हाचा मालक घ्यायचा."

सेतू केंद्राची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपलं अर्धं गाव तिथूनच जातं. काउंटरवरचा पोरगा हुशार आणि मेहनती आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर शेकडो फायली उघड्या पडल्यात, प्रत्येक फाईलला माणसाचं नाव. पासवर्ड भिंतीवर कागदावर चिकटवलाय, म्हणजे तो नसला तरी त्याच्या चुलतभावाला काम करता यावं. ज्याला स्कॅनर परवडत नाही तो म्हणतो, "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना," आणि गावाची कागदपत्रं त्याच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये साठतात. मशीनवर विंडोज ७, तेही चोरीचं. या विंडोज ७ ला सुरक्षेची दुरुस्ती देणं मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये बंद केलं. त्यानंतरच्या विंडोज १० चंही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. म्हणजे दाराची कडी मोडलीय आणि दुरुस्तीला सुतार येणार नाही, हे माहीत असलेल्या खोलीत आपण गावाची कागदपत्रं ठेवतोय. त्यात दिवसातून वीस अनोळखी पेनड्राइव्ह लागतात.

काही जण म्हणतील, झेरॉक्सनं काय होतं? नुसत्या आधार नंबरावर कुणी खातं रिकामं करू शकत नाही. खरंय. पैसे काढायला बोटाचा ठसा किंवा ओटीपी लागतो. पण चोराला सगळं एकाच दिवशी लागत नाही. तो कागदाला कागद जोडत जातो. आधार आणि पॅनच्या जोरावर तुमच्या नावाचं सिम, त्या सिमवर खातं, त्या खात्यात कर्ज. माझ्या बाबतीत असंच झालं असावं.

दुसरं, तो तुम्हाला फोन करतो तेव्हा रिकाम्या हातानं करत नाही. "ताई, बँकेतून बोलतोय. तुमची जन्मतारीख अमुक, आधारचे शेवटचे चार आकडे तमुक, शाखा तुमची बाजारपेठेतली, बरोबर ना?" सगळं बरोबर निघाल्यावर कुठल्याही माणसाचा विश्वास बसेल. मग मागितला ओटीपी आणि दिला ओटीपी. आपण म्हणतो, बघा, अशिक्षित बाई, ओटीपी दिला. अहो, पण त्या चोराच्या हातात तिची कुंडली कुणी दिली?

तिसरं, ठसे. आधारवरून पैसे काढण्याची जी यंत्रणा आहे, गावात बँकमित्राकडं असतं ते मशीन, त्याला बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. आणि ठसा चोरता येतो. २०१८ साली तेलंगणात एका मोबाईल सिमच्या धंद्यातल्या माणसाला पकडलं होतं. त्यानं नोंदणी खात्याच्या वेबसाईटवरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यावरच्या अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. दस्त ठेवले होते सरकारनं. लोकांना बघता यावेत म्हणून ठेवले होते, हेतू चांगला होता. पण त्या शेतकऱ्यांची चूक सांगा बरं कुठली? जमीन विकली ही?

आपल्याकडचा पीकविमा आठवा. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा सुरू झाला. अर्जामागं केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. मग काय झालं, आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या शेतावर विमा, सरकारी जमिनीवर विमा, न पेरलेल्या पिकाचा विमा. शेवटी २०२५ च्या खरिपात ती एक रुपयाची योजनाच गुंडाळली. बोगस अर्ज करणारे थोडे होते, त्यांनी वापरलेली कागदं आणि सातबारे मात्र दुसऱ्यांचे होते. ज्यांच्या नावावर हे झालं त्यांना आजही पत्ता नाही. ओळखचोरी ही फक्त मुंबई-पुण्याच्या क्रेडिट कार्डवाल्यांची भानगड नाही. ती आपल्या सोयाबीनपर्यंत आलेली आहे.

आता सरकारी गंमत. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयानं एक सूचना काढली. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. बरोबर बोलले होते. पण देशभर बोंब झाली, कारण लोक विचारायला लागले की मग आजवर दिल्या त्यांचं काय? दोनच दिवसांत सूचना मागं घेतली. कारण काय, तर त्याचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे. आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी. झालं! एकदा खरं तोंडातून निघालं, ते गिळून टाकलं आणि सावधगिरीचं ओझं परत आपल्या डोक्यावर.

सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलंय की बँक खात्याला, सिमकार्डला आधारची सक्ती करता येणार नाही, शाळेच्या प्रवेशासाठीही नाही. आपल्या गावातल्या कुठल्याही शाळेत जाऊन हे सांगून बघा. बाई म्हणतील, "ते कोर्टाचं तुमचं असू द्या, आधी दोन झेरॉक्स जोडा."

आणि नवा कायदा? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढं १८ महिने. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. आकडा ऐकून बरं वाटतं. पण हा दंड जमा कुठं होणार? सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया नाही. उलट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ होतं, निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता यायची. नवा कायदा ते कलमच काढून टाकतो. म्हणजे मावशींची झेरॉक्स विकली म्हणून उद्या पतसंस्थेला दंड झालाच, तर पैसे दिल्लीला जातील आणि मावशी इथेच राहतील.

तपासाचं बघा. दुसऱ्याची ओळख चोरणं हा कलम ६६क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असा नियम. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एक. त्याच्याकडं बंदोबस्त, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे, खून, दरोडे. तुमचे ३८ हजार कितव्या नंबरला लागणार? पोलिसांना शिव्या देऊन उपयोग नाही, माणसंच दिलेली नाहीत. पण माणसं नाहीत म्हणून तक्रारदारालाच आरोपी करायचं, हे चालणार नाही.

"पण लोकही निष्काळजी असतातच ना?" असं माझा एक शिक्षक मित्र मला म्हणाला. असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिकेची एपीके फाईल उघडतात, आरटीओच्या चलनाची उघडतात, मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात जातो. सगळीकडं एकच पासवर्ड ठेवतात, तोही मुलाचं नाव आणि जन्मसाल. मी नाकारत नाही. पण एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत हॅकर घुसले आणि दोन दिवसांत ९४ कोटी रुपये काढून नेले. शंभर वर्षं जुनी बँक, पगारी तज्ज्ञ, सगळी यंत्रणा. तेव्हा कुणी म्हणालं का, की बँकेनं लिंकवर क्लिक केलं असेल, बँकेचीच चूक? नाही. सगळे म्हणाले, बँकेवर सायबर हल्ला झाला. बँकेचे पैसे गेले की हल्ला, आणि बाईचे गेले की बावळटपणा? हा कुठला न्याय?

शिवाय नियम काय सांगतो बघा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंतच. बँकेनं दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची. आणि मुख्य म्हणजे, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. समजा तुमच्या चुकीनं गेले, तरी तुम्ही कळवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. हे परिपत्रक आपल्या गावातल्या किती शाखांत भिंतीवर लावलंय? मी सहा शाखा फिरलो. एकीतही नाही. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे पोस्टर मात्र सहाही ठिकाणी.

यात मी स्वतःलाही सोडत नाही. औरंगाबादला पत्रकारितेची पदविका केली तेव्हा सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बातमीत विचारायचं कोण, काय, कधी, कुठे, का. आणि मी पंधरा वर्षं काय केलं? पोलिसांची प्रेसनोट आली की खाली एक ओळ टाकायची, "नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन करण्यात आले आहे." संपली बातमी. माहिती फुटली कुठून, हा प्रश्न मी एकाही बातमीत विचारला नाही. फसलेल्या माणसाचं नाव, वय, गल्ली सगळं छापलं. ज्याच्याकडून कागद फुटला त्याचा उल्लेख नाही, कारण बहुतेक वेळा तो जाहिरातदार असतो. आता बोललोच आहे तर पूर्ण बोलतो. आमच्या कार्यालयातही वार्ताहरांच्या ओळखपत्रासाठी घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स उघड्या कपाटात होत्या. परवा त्या फाडून जाळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायच्या कामात मीही दोर ओढलाय. तो सोडायचा म्हणून हे लिहितोय.

तर माझं म्हणणं एका ओळीत. जो कागद मागतो, त्याची जबाबदारी. ठेवायचीही आणि नष्ट करायचीही. ज्याला ती झेपत नाही, त्यानं कागद मागू नये.

आणि मागण्या अशा:

१. नगरपरिषद, शाळा, पतसंस्था, लॉज, सगळ्यांनी बोर्डावर लिहावं की आम्ही कुठला कागद का घेतो आणि किती दिवसांनी नष्ट करतो. जिथं कार्ड नुसतं बघून भागतं तिथं झेरॉक्स घेऊ नये.

२. जुनी कागदपत्रं रद्दीत विकणं बंद. फाडायचं मशीन काही हजारांत मिळतं. सत्काराच्या शाली-नारळांवर जेवढा खर्च होतो त्यात तालुक्याला दहा येतील.

३. सेतू केंद्रांच्या कॉम्प्युटरची तपासणी तहसीलदारांनी करावी. काम झालं की फाईल पुसायची, स्वतःच्या मोबाईलवर कागद घ्यायचे नाहीत.

४. रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शाखेत लागलं पाहिजे.

५. पोलीस ठाण्यात सायबर तक्रारीचा पहिला प्रश्न "तुम्ही काय केलं?" नको. "कागद कुठं दिले होते?" हा हवा.

नगरपरिषदेत मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. गेल्या पाच वर्षांत नागरिकांच्या ओळखपत्रांच्या किती प्रती जमा केल्या, कुठं ठेवल्या, कशा नष्ट केल्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की इथे टाकतो. नाही आलं तरी टाकतो.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपलं घर आपणच राखायचंय. आज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे मोबाईल घेऊन एवढं करा.

आधारच्या वेबसाईटवर किंवा एमआधार अ‍ॅपवर जाऊन बोटांचे ठसे लॉक करा. लागतील तेव्हा उघडता येतात. आई-वडिलांचं आधी करा, कारण बँकमित्राकडं तेच जातात. ज्यांना रेशन अंगठ्यावर मिळतं त्यांनी जाण्याआधी उघडायला विसरू नका, नाहीतर दुकानदाराशी माझ्या नावानं भांडाल! तिथेच तुमचं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठं कुठं वापरलं गेलं ते दिसतं. तेही बघा.

झेरॉक्स द्यायचीच असेल तर मास्क्ड आधारची द्या. आणि झेरॉक्सवर आडवं, चेहऱ्याला आणि आकड्यांना लागून लिहा, "फक्त अमुक कामासाठी, अमुक संस्थेला, तारीख." कोपऱ्यात लिहू नका, कोपरा कापता येतो. काउंटरवरचा नाक मुरडेल. मुरडू द्या.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला की तिथूनच तक्रार करा.

सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीनं वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. काढा. मी दोन वर्षं आधी काढला असता तर पहिल्या हप्त्यालाच कळलं असतं. चुकीची नोंद दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर त्यापुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

पैसे गेलेच तर आधी १९३०. त्या क्षणी. नातेवाइकांना विचारत बसू नका, लाजत बसू नका. जितक्या लवकर फोन तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेला लेखी, तारीख-वेळेसह, पोच घेऊन. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही.

आणि एक, जे कुठल्याही पोस्टरवर नसतं. घरात कुणी फसलं तर आवाज चढवू नका. चोराला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो आपल्या माणसाच्या गप्प बसण्याचा. मावशींसारख्या बायका घरच्या ओरड्याला भिऊन दोन दिवस बोलत नाहीत आणि तीन दिवसांची मुदत तिथेच संपते.

भज्यांच्या गाडीवरचा तो गठ्ठा माझ्याकडं पाकिटात बंद आहे. एकाही कागदाचा फोटो इथे टाकणार नाही, कुणी मागू नका. त्यातल्या ३१ जणांपैकी १९ जणांना मी फोन केलेत, उरलेल्यांचे नंबर बदललेत, त्यांच्या घरी जाणार आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता पतसंस्थेत जातोय, गठ्ठा घेऊन. अध्यक्षांना एवढंच विचारायचंय की किलोला काय भाव मिळाला.

मावशी म्हणाल्यात, त्याही येतात. घरी सांगितलं त्यांनी. मुलगाच घेऊन येणार आहे गाडीवर.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या पतसंस्थेत कधी कागद दिलेत, त्यांनी यावं.